कामी पडते

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं हे ठरलेलं आहे. आधी राजमठ, मग म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ती वाजेश्वरीची जागा, आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ. वेळ उरला आणि पाहुणा खाणारा असला, तर मोर्शीच्या वाटेवरची एखादी संत्र्याची बाग. याखेरीज प्रत्येक घरात आणखी एक प्रेक्षणीय स्थळ असतं. पण ते पाहुण्याच्या नजरेस पडू नये म्हणून त्यावर जुनं लुगडं पांघरलेलं असतं. ते म्हणजे सुतारकामातून उरलेल्या लाकडांचा ढीग.

हा ढीग जिन्याखाली असतो, नाही तर न्हाणीमागे, नाही तर ज्या पलंगावर पाहुण्याला झोपवतात त्या पलंगाखाली. त्यात दरवाजा करताना उरलेल्या सागवानाच्या पट्ट्या असतात, खिडकीच्या चौकटीची कापलेली टोकं असतात, मोडलेल्या दिवाणाचा एक धडका पाय असतो, आजोबांच्या वखराचं रुमणं असतं, टीव्ही भिंतीवर चढल्यावर निराधार झालेल्या शोकेसचा प्लायवूड असतो. शिवाय एक तुकडा असा असतो, की तो कशाचा हे घरात कोणीच सांगू शकत नाही. घर बांधायच्या आधीपासून तो तिथेच आहे. घर त्याच्याभोवती बांधलं.

सुनेने दिवाळीच्या साफसफाईत हा ढीग उपसायला घेतला, की घरातलं सर्वांत वडील माणूस खाटेवरून फक्त दोन शब्द उच्चारतं, “कामी पडते.” या निकालावर वऱ्हाडात अपील नाही. ढीग पुसून, मोजून, पुन्हा जागच्या जागी रचला जातो आणि लुगडं धुऊन परत घातलं जातं.

याला कंजूषपणा म्हणणारे लोक वऱ्हाडाबाहेरचे असतात. त्यांनी सागवान विकत घेतलेलं नसतं. आमच्याकडून चांदूर बाजारवरून पुढे गेलं की परतवाडा. तिथे मेळघाटातला साग वन विभागाच्या डेपोत येऊन पडतो आणि लिलावात जातो. तिथून व्यापारी, तिथून आरागिरणी आणि तिथून आपण, असा त्याचा प्रवास. प्रत्येक मुक्कामाला त्याचा भाव वाढतो आणि लांबी कमी होते. सागवान मिळतं घनफुटावर. बारा इंच लांब, बारा रुंद, बारा जाड. म्हणजे १७२८ घनइंच. पैसे मोजायचे ते सगळ्या १७२८ इंचांचे. दरवाज्यात त्यातले जेवढे बसतील तेवढे बसतात, बाकीचे भुसा, छिलपे आणि तुकडे होऊन अंगणात पडलेले असतात आणि मालकाला त्या प्रत्येकावर आपल्याच पैशांचा आकडा लिहिलेला दिसतो. तुकडा फेकणं म्हणजे नोट फेकणं. उलट नोटा जिन्याखाली जपून ठेवण्यात काय धोका असतो हे २०१६ च्या नोव्हेंबरात सगळ्यांनी पाहिलं. सागाचा तुकडा मात्र रात्री आठ वाजता कोणी रद्द करू शकत नाही.

मिस्त्री आणि मालक यांच्यातलं खरं भांडण मजुरीवरून होत नाही, ते तुकड्यांवरून होतं. जुन्या बलुतेदारीत औतं भरणारा सुतार छिलपे आपल्या चुलीला न्यायचा, त्याला कोणी काही बोलत नसे. आता घरोघरी गॅस आला, बलुतं गेलं, तरी वाटणीचा रिवाज थोडा उरला आहे. छिलपे मिस्त्रीचे, तुकडे मालकाचे, आणि भुसा घरातल्या दमेकऱ्याचा. अडचण येते ती छिलपा कुठे संपतो आणि तुकडा कुठे सुरू होतो, यावर. मिस्त्री जाताना एखादी वीतभर पट्टी सहज हातात घेतो.

“भाऊ, हे नेऊ काय? घरी दाराले फाचर पायजे होती.”

त्या क्षणापर्यंत मालकाला ती पट्टी अस्तित्वात आहे हेही माहीत नसतं. पण कोणी मागितली की तिच्यात जीव येतो.

“राहू द्या ना मिस्त्री. तिचं करायचं हाय.”

“काय करायचं हाय?”

“हाय ना बापा एक काम.”

ते काम काय, हे मिस्त्री विचारत नाही आणि मालकही स्वतःला विचारत नाही. पट्टी लुगड्याखाली जाते.

आमचे एक मावसभाऊ परतवाड्याला नातेवाइकाकडे लग्नाला गेले आणि येताना त्याच्या नव्या घराचे तुकडे गोणीत भरून एसटीने निघाले. आहेरापेक्षा हे बरं, असं त्यांचं मत. सागवानाच्या वाहतुकीला परवाना लागतो, हे त्यांनी कुठे तरी ऐकलं होतं. १९२७ चा वन कायदा अजून चालू आहे आणि आपल्या गोणीला तो लागू पडतो का, या विचाराने ते घामाघूम होऊन बसले. कंडक्टरने गोणीवर पाय मारून पाहिला.

“लाकूड हाय काय?”

“नाई जी, तुकडे हायत.”

“मंग अर्ध तिकीट काढा.”

आता या ढिगातून होतं काय काय, ते सांगतो. होतं, अगदीच होत नाही असं नाही. भर उन्हाळ्यात शेतीची कामं थांबलेली असतात, मिस्त्री रिकामा असतो, घरातल्या कर्त्या माणसाला अचानक हुरूप येतो. पहिला मान पोळपाटाला. चार पट्ट्या फेविकॉलने शेजारी शेजारी चिकटवायच्या, गोल कापायच्या, खाली तीन पाय. दिसायला देखणा. पण जोडावर रंधा नीट फिरला नाही, तर त्या पोळपाटावरच्या प्रत्येक पोळीवर तीन समांतर रेघा उमटतात. असा एक पोळपाट आमच्या आळीत आहे. त्या घरची पोळी दुसऱ्याच्या डब्यात गेली तरी ओळखू येते. शाळेच्या सहलीत त्या पोराचा डबा कधी हरवला नाही.

दुसरा मान स्टुलाचा. तुकड्यांचं स्टूल फुकटात होतं, असं म्हणतात. लाकूड खरोखर फुकट. मग स्क्रू आणायचे. मग पॉलिश पेपर. मग फेविकॉलचा डबा. तो मोठाच घ्यावा लागतो, कारण लहानात परवडत नाही. मग मिस्त्रीची दिवसाची मजुरी, कारण तुकडे जुळवायला अख्ख्या फळीपेक्षा जास्त वेळ लागतो. मग त्याचा चहा, आणि तो एकदाच पीत नाही. एवढ्या पैशांत अमरावतीच्या बाजारात प्लास्टिकची दोन स्टुलं येतात, असं बायको म्हणते. ते हिशेबाने बरोबर आहे, म्हणून तिला उत्तर द्यायचं नसतं.

हे स्टूल उन्हाळ्यात दगडासारखं घट्ट बसतं. आषाढ लागला की डुलायला लागतं. कारण साधं आहे. लाकूड पाण्याची हवा लागली की रुंदीच्या अंगाने फुगतं, लांबीच्या अंगाने जवळजवळ नाही. एकाच झाडाचं लाकूड असलं, तंतू एका दिशेने असले, तर सगळं मिळून फुगतं आणि मिळून आखडतं. आमच्या स्टुलात सागवान, आंबा, बाभूळ आणि शोकेसचा प्लायवूड असं सर्वपक्षीय सरकार. एक आडवं लावलेलं, एक उभं. प्रत्येक घटक आपापल्या मर्जीने फुगतो आणि शेवटी पाठिंबा काढून घेतो. त्यातही जो पाय सर्वांत आधी जातो तो सागाचाच. सागवानाला उधई लागत नाही म्हणून आपण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पण उधईला नको असतो तो आतला तपकिरी तेलकट गाभा. बाहेरचा पांढुरका भाग ती आवडीने खाते. आणि मिस्त्री दरवाज्यातून काढून टाकतो तो हाच पांढुरका भाग. म्हणजे जन्मभर जपलेल्या ढिगात बऱ्याचदा नावापुरता साग असतो. हे उधईला कळतं, मालकाला कळत नाही.

रिद्धपुरात उरलेल्या फळीला खरी सद्गती मिळायची ती पोथीपाशी. हस्तलिखित पोथीची पानं सुटी असायची. त्यांच्या वरखाली दोन सारख्या फळ्या लावायच्या आणि बासनात बांधून ठेवायचं. त्या फळ्यांना अख्खं झाड लागत नाही. पातळ, हलके, एका मापाचे दोन तुकडे पुरतात. वाचायला बसताना पोथी ज्यावर ठेवायची त्या ठवणीलाही एकच जाडसर तुकडा लागतो, पण तो मधून चिरून कात्रीसारखा उघडणारा करायचा म्हणजे मिस्त्रीची परीक्षा असते. पुढे छापील पोथी आली, तिला पुठ्ठा आला. त्यानंतर पीडीएफ आली; तिला ना फळी लागत, ना बासन. आता त्या ठवणीसारख्याच उतरत्या तुकड्यावर मोबाईल उभा असतो. बघणारा पूर्वीइतकाच एकाग्र असतो. फक्त मधे मधे अंगठा हलतो.

आणि एका गोष्टीत हे गाव तुकड्यांच्या बाबतीत साऱ्या महाराष्ट्राच्या पुढे आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी उत्तरेला निघून गेल्यावर त्यांचा परिवार इथे त्यांच्या गुरूंच्या, गोविंदप्रभूंच्या जवळ राहिला. तेव्हा म्हाइंभटांनी काय केलं? स्वामींच्या सहवासातल्या एकेका माणसाला गाठलं. कोणाला एक प्रसंग आठवत होता, कोणाला अर्धा, कोणाला नुसतं एक वाक्य. ते सगळं जमवलं, स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतलं आणि शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र उभं राहिलं, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली असं परंपरा सांगते. मग लोकांनी आठवणीतून पुन्हा जुळवलं आणि त्याच्या वेगवेगळ्या पाठांच्या प्रती झाल्या. केसोबासांनी त्याच ग्रंथातली स्वामींची वचनं वेचून सूत्रपाठ बांधला. म्हणजे उरलेल्यातून पुन्हा नवं. स्वामींचा संबंध आलेल्या जागेचा साधा दगडसुद्धा महानुभाव भक्त जपून ठेवतात, त्याला वंदन करतात. अशा गावात सुनेने जिन्याखालचा ढीग भंगारवाल्याला देऊ पाहणं, ही नुसती साफसफाई राहत नाही. आमचा एक शेजारी तर म्हणतो, म्हाइंभटांची बायको टापटिपीची असती, तर मराठी गद्य आणखी शंभर वर्षं थांबलं असतं. म्हाइंभटांच्या घरच्यांविषयी त्याला काहीही माहीत नाही. पण वाद घालताना तो फार माहिती बाळगत नाही.

तुकड्याचं सोनं करण्याचा नाद आमचाच आहे असंही नाही. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मोटारीला सुरुवातीच्या काळात पुष्कळ लाकूड लागायचं, म्हणून त्याने मिशिगनमध्ये जंगल घेतलं, आरागिरणी टाकली. भुसा आणि तुकडे यांचे डोंगर साचले. फोर्ड मनाने अस्सल वऱ्हाडी असावा. ते त्याला बघवेना. त्याने कारखाना काढून त्या उरल्यासुरल्याच्या कोळशाच्या वड्या पाडल्या आणि त्या चक्क मोटारीच्या दुकानांतून विकल्या. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले किर्क क्रिस्तियानसन नावाचा सुतार होता. मंदीने घरबांधणी बंद पडली, गिऱ्हाईक संपलं. १९३२ मध्ये तो दुकानातल्या लाकडाच्या शिड्या, स्टुलं, इस्त्रीच्या फळ्या आणि खेळणी करू लागला. खेळणी टिकली. त्याचीच पुढे लेगो कंपनी झाली आणि तिचे प्लास्टिकचे ठोकळे आज अमरावतीच्या मॉलमध्ये एवढ्या किमतीला मिळतात, की तेवढ्यात खऱ्या सागाचे ठोकळे येतील. हा सुतार आमच्या गावचा असता, तर त्याच्या आईने दुकानातल्या लाकडावर वेळीच लुगडं टाकलं असतं.

पण माझा राग या दोघांवर नाही. माझा राग जर्मनांवर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्याकडे चांगल्या लाकडाची टंचाई झाली, तेव्हा भुसा आणि छिलपे राळेत कालवून, दाबून फळ्या करायचं तंत्र त्यांनी कारखान्यात आणलं. तीच आजची पार्टिकल बोर्ड. गावातली पोरं शिकून पुण्याला गेली. तिथल्या फ्लॅटमध्ये ती ऑनलाइन टेबल मागवतात. ते खोक्यात येतं, सोबत एक वाकडी किल्ली आणि चित्रं असलेला कागद. पोरगा सुट्टीत घरी येतो, जिन्याखाली वाकतो आणि म्हणतो, “बाबा, कायले ठेवता हा कचरा? माझ्यासारखं नवं टेबल घ्या.” बाबांनी त्याच्या टेबलाची कड एकदा नखाने उकरून पाहिलेली असते. आत भुसा! अगदी जिन्याखालचाच ढीग, कुठल्या तरी कारखान्याने दळून, दाबून, वरून अक्रोडाच्या लाकडाचा फोटो चिकटवून परत पाठवलेला, आणि तोही हप्त्यावर. त्यावर चहाचा पेला सांडला की ते पुरणासारखं फुगतं. बाबा काही बोलत नाहीत. ते फक्त ढीग थोडा आत सरकवतात.

वऱ्हाडाने टाकाऊ वस्तूला डोक्यावर घेतलेलं आहे, हे मी अलंकारिक बोलत नाही. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले डेबूजी फुटकं गाडगं घेऊन गावोगाव फिरले. त्यातच जेवले आणि तेच डोक्यावर टोपीसारखं घातलं. लोकांनी त्यांना नावच गाडगेबाबा दिलं. पण बाबांच्या दुसऱ्या हातात झाडू असायचा, ही बाब ढीग राखणारे सोयीने विसरतात.

खरं सांगायचं तर ढिगातून जाणूनबुजून केलेल्या वस्तूंपेक्षा न करता झालेली एक वस्तू जास्त उपयोगी ठरते. ती म्हणजे फाचर, पुस्तकातली पाचर. कुऱ्हाडीचा दांडा हलला, फाचर. दार वाऱ्याने आपटतं, फाचर. कूलर थरथरतो, फ्रीज पुढे कलतो, पलंग रात्री कुरकुरतो आणि शेजारी हसतात, फाचर. पंचतंत्रातल्या माकडाने अर्ध्या चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटली आणि जीव गमावला. आमच्याकडे शाळेत ही गोष्ट शिकवली जाते ती बहुधा लाकूड या विषयाला धरून असावी. फाचर कोणी बनवत नाही. हातोडीने तुकडा फोडला की तिसरा-चौथा आपोआप तिरका निघतो, तीच ती. तिला माप नाही, पॉलिश नाही, मजुरी नाही. विकत मिळत नाही आणि नसली की संसार डुगडुगतो. वर सांगितलेल्या स्टुलाखालीही आता दोन आहेत. ग्रामपंचायतीत एकमेकांच्या कामात पाचर मारतात, ती वेगळी. तिला लाकूड लागत नाही, एक अर्ज पुरतो.

मोठ्या माणसांचं हे असं. पोरांना मात्र ढिगाचा बरोबर उपयोग कळतो. पिठोरी अमावास्येला पोळा होतो, खरे बैल सजतात, तोरणाखालून जातात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. नागपुरात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात आणि तिथे बाजारात माणसाच्या छातीएवढे नंदी मिळतात. गावात नंदी ढिगातून निघतो. चौकटीचं जाड टोक म्हणजे धड, खिडकीच्या पट्ट्यांचे चार पाय, मान बसवायला अर्थातच फाचर, शिंगांना बाभळीच्या काटक्या. शेपटीला सुतळी. त्याला झूल घालून पोरं घरोघर जातात आणि बोजारा मागतात. कोणी नाणं देतं, कोणी नोट. अडतं ते चाकांशी. चाकं कापायला गोल लाकूड हवं आणि घरातलं एकमेव गोल लाकूड म्हणजे लाटणं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ज्या घरी लाटणं सापडत नाही त्या घरी भाकरी होते. ढिगात हात घालणाऱ्या पोराला आजोबा काहीही म्हणत नाहीत. जन्मभर राखलेली सागाची पट्टी पोरगा करवतीने वेडीवाकडी कापत असतो आणि आजोबा शेजारी बसून ती घट्ट धरून ठेवतात. सुनेला याचं फार नवल वाटतं.

एवढ्या मोठ्या ढिगाचा एकच दोष मला आढळला आहे. हवा तो तुकडा त्यात कधीच नसतो. असतो तो दोन सूत आखूड. जाडी जुळली तर लांबी जात नाही, लांबी जुळली तर मधे गाठ असते, आणि दोन्ही जुळलं तर तो नेमका मागच्या महिन्यात कोणी तरी फाचर करून फ्रीजखाली घातलेला असतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. आमच्या यंदाच्या नंदीला तीन चाकं झाली आहेत, घरातलं लाटणं त्यात संपलं. आपल्या जिन्याखाली दीड इंच व्यासाचा, सुतभर इकडेतिकडे चालेल असा, गोल लाकडाचा तुकडा असल्यास पोळ्याच्या आधी रिद्धपूरला पोचवावा. बदल्यात आमचं स्टूल घेऊन जावं.